प्रहर आणि पहारा

आपल्या भाषेंतील 'प्रहर' आणि 'पहारा' हे दोन शब्द एकाच मुळापासून निघाले आहेत. एक काळाचें माप सांगतो, दुसरा जागें राहण्याचें कर्तव्य. इंग्रजींतही 'वॉच' या एकाच शब्दानें घड्याळ व पहारा या दोहोंचा बोध होतो. या दोहोंचें नातें जितकें समुद्रावर दिसतें तितकें जमिनीवर क्वचितच दिसतें. आपलें लासलगांव समुद्रापासून दूर असलें, तरी ही विद्या आपल्या शाळेच्या अंगणांतही पडताळून पाहतां येते.

पूर्वीं आपल्याकडे काळ मोजण्यास घटिकापात्र असे. तळाशीं बारीक छिद्र असलेली तांब्याची वाटी पाण्यावर ठेवीत. ती भरून बुडाली म्हणजे एक घटका, अर्थात् २४ मिनिटें, झाली. अहोरात्राच्या अशा ६० घटका व ८ प्रहर. डोलणाऱ्या जहाजावर असें पात्र नीट चालणार कसें? युरोपी जहाजांवर अर्ध्या तासाची वाळूची घटी ठेवीत. ती रिकामी होतांच उलटावयाची व घंटा वाजवावयाची. पहिल्या अर्ध्या तासास एक टोला, दुसऱ्यास दोन, याप्रमाणें आठ टोले पडले म्हणजे चार तासांचा पहारा संपून दुसरी टोळी कामावर येई.

परंतु जहाज कोठें आहे हें कसें कळावें? पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे एका अंशास ४ मिनिटें लागतात. बंदराची वेळ दाखविणारें अचूक घड्याळ जवळ असेल, तर भर समुद्रांतील मध्यान्हाशीं त्याची तुलना करून रेखांश काढतां येतात. असें घड्याळ मात्र नव्हतें. १७०७ सालीं आपल्या स्थानाचा अंदाज चुकल्यामुळें इंग्रजी आरमारांतील चार जहाजें सिली बेटांच्या खडकांवर आपटून बुडालीं व शेंकडों लोक प्राणांस मुकले. १७१४ सालीं पार्लमेंटानें या प्रश्नासाठीं २०,००० पौंडांपर्यंत बक्षीस लाविलें. जॉन हॅरिसन या सुतारानें आपलें बहुतेक आयुष्य त्यापायीं वेंचलें. त्याचें चौथें घड्याळ १७६१ सालीं जमेकाच्या सफरीवर गेलें, तें ८१ दिवसांत सुमारें ५ सेकंदच चुकलें! विषुववृत्ताजवळ घड्याळ एक मिनिट चुकल्यास जहाजाचा अंदाज सुमारें २८ किलोमीटर चुकतो, हें ध्यानांत घेतलें म्हणजे या यशाचें मोल कळेल.

घड्याळ अचूक असलें तरी त्यास रोज किल्ली देणारा हात हवा. म्हणून जहाजावर प्रत्येकाचा दर्जा व काम ठरलेलें असतें. मराठ्यांच्या आरमारांत 'दर्यासारंग', 'सरखेल' असे किताब होते; कान्होजी आंग्रे (मृत्यु १७२९) हे सरखेल होत. कोंकणच्या देशी गलबतावर तांडेल हाच मुख्य. आगबोटीवर सर्व जबाबदारी कप्तानाची. त्याच्या हाताखालील अधिकारी पाळीपाळीनें चार-चार तासांचा पहारा करीत, व घड्याळांची निगा बहुधा दुसऱ्या अधिकाऱ्याकडे असे. खलाशांचा नायक सारंग, त्याचा मदतनीस टिंडेल, सुकाणूं धरणारा सुकाण्या, दिवे व सामान सांभाळणारा कसाब, आणि शेवटीं साधे खलाशी. रत्नागिरीकडील पिढ्यान्‌पिढ्या या कामांत राबल्या. परंतु कितीही हुशार खलाशी सहसा सारंगापलीकडे चढत नसे. १९२७ सालीं मुंबईस 'डफरिन' नौकेवर भारतीय मुलांस अधिकाऱ्याचें शिक्षण मिळूं लागलें, तेव्हां तें दार उघडलें.

आज जहाजास वाट दाखविणारे उपग्रहही घड्याळांवरच अवलंबून आहेत. भारतानें २०१३ सालीं सोडलेल्या आपल्या पहिल्या मार्गदर्शक उपग्रहांतील तिन्ही अणुघड्याळें पुढें बंद पडलीं, तेव्हां तो आकाशांत असूनही स्थान सांगण्यास निरुपयोगी झाला.

आतां एक प्रयोग. नाताळच्या दिवशीं अंगणांत काठी सरळ रोवा. सावली सर्वांत आंखूड होईल तेव्हां घड्याळांत १२ वाजून सुमारें ३३ मिनिटें झालेलीं असतील. आपली घड्याळें ८२½ अंश पूर्व रेखांशाची वेळ दाखवितात. ३३ मिनिटांचे ८¼ अंश; ते वजा केले कीं ७४¼ अंश, हे लासलगांवचे रेखांश! एकानें सावलीवर नजर ठेवावी, दुसऱ्यानें घड्याळावर, तिसऱ्यानें टिपण करावें. सहा मिनिटांची जरी डुलकी लागली, तरी तुमचें लासलगांव डहाणूजवळच्या समुद्रकांठीं जाऊन पडेल.

रात्रीच्या चौथ्या प्रहरीं प्रभु समुद्रावरून शिष्यांच्या तारवाकडे आला, अशी शुभवर्तमानांत कथा आहे. वारा विरुद्ध होता, रात्र सरत आली होती, तरी ते वल्हीं मारीतच होते. परीक्षेचें वर्ष असो कीं घरचें काम असो, आपापल्या पहाऱ्यावर आपणही असेंच आढळावें.