काका, तुम्ही नुसतं येऊन बसा

शेड मुलाच्या हवाली केली तेव्हा मी ६३ वर्षांचा होतो. गेटवर नारळ फोडला, किल्ल्या दिल्या आणि घरी आलो. पहिला महिना रंकाळ्याला फेऱ्या मारण्यात गेला. दुसऱ्या महिन्यात मी स्वयंपाकघरातले डबे उंचीप्रमाणे लावले. तिसऱ्या महिन्यात ही म्हणाली, "तुम्ही दिवसा कुठं तरी जावा बघू."

मुलाच्या शेडवर जायचं नाही हे मीच ठरवलं होतं. एका शेडमध्ये दोन मालक झाले की कामगार तिसऱ्याचं ऐकतात.

अशात ओळखीतल्या एकाचा मुलगा घरी आला. गोकुळ शिरगावात पंपाच्या सुट्या भागांचं जॉबवर्क करायचा. "काका, तुम्ही नुसतं येऊन बसा. तुमची नजर फिरली तरी पुष्कळ आहे." पैशांचं तो बोलला नाही, मीही विषय काढला नाही. ३८ वर्षं पै-पैचं कोटेशन देणारा मी, स्वतःचं कोटेशन द्यायला लाजलो. सगळं तिथंच बिघडलं.

पण खोटं कशाला बोलू, पहिले सहा महिने सोन्यासारखे गेले. रात्री झोप लागायला लागली. टूल बसलं की लेथचा आवाज बदलतो, तो माझ्या कानाला अजून कळत होता याचाच आनंद. एकदा ३५ मिलिमीटरच्या बोअरमध्ये नो-गो गेज सरळ आत गेला. इन्सर्ट बदलल्यावर ऑपरेटरनं ऑफसेट चुकीचा टाकला होता. दोनशेच्या लॉटमधले अकरा पीस भंगारात गेले, बाकीचे वाचले. त्या दिवसापासून मी वही घातली: दर पाचवा पीस गेजवर, पुढं ऑपरेटरची सही. रिजेक्शन खाली आलं. वहीवर अक्षर माझं, रेघा माझ्या.

मग एक दिवस "काका, जरा बँकेत सही लागतीय." ४० लाखांची कॅश क्रेडिट, जामीनदार म्हणून मी. सतरा-अठरा ठिकाणी पेन्सिलीच्या फुल्या होत्या, तिथं तिथं सही केली. एक ओळ वाचली नाही. मुलानं असा कागद आणला असता तर चष्मा काढून पुसून वाचला असता.

आता मी तिथून निघालो तो दिवस. पुण्याहून गिऱ्हाईकाची माणसं शेड बघायला आली होती. मी सेफ्टी शूज घालून तयार, हातात प्लग गेज. त्यानं ओळख करून दिली : "हे आमचे काका. घरी कंटाळतात, म्हणून येऊन बसतात." पाहुणे हसले, नमस्कार केला आणि मशीनकडं वळले. पाच मिनिटांनी तोच माझी वही उघडून त्यांना दाखवत होता, "ही आमची सिस्टिम." मी गेज कापडानं पुसला, पेटीत ठेवला आणि पाहुणे जायच्या आधीच स्कूटरला किक मारली. त्याचा फोन तीन दिवसांनी आला. वहीची नवी पानं कशी आखायची ते विचारायला!

लोक म्हणतात, तुम्ही मनाला लावून घेतलंत. घेतलंच. फुकट काम करणाऱ्याला लोक कंटाळलेला समजतात, हे मला ६४व्या वर्षी कळलं.

मी निघालो, सही तिथंच राहिली. वर्षभरानं मुलाला व्हीएमसी मशीनसाठी कर्ज हवं होतं. शेड माझ्या नावावर, म्हणून अर्जात मी आलो. बँकेतल्या मॅडमनी स्क्रीन माझ्याकडं फिरवला : मी जामीन असलेलं खातं थकलेलं. त्या जॉबवर्कवाल्या पोराला फोन केला तर म्हणतो, "काका, जामीन नावापुरता असतो हो." नावापुरता नसतो. १८७२ च्या करार कायद्याचं कलम १२८ वाचा. करारात वेगळं लिहिलं नसेल तर कर्जदाराची जेवढी जबाबदारी, तेवढीच जामीनदाराची. बँक आधी त्याच्याकडं जाईल मग तुमच्याकडं येईल, असंही नाही. कॅश क्रेडिटसारख्या फिरत्या खात्याचा जामीन पुढच्या व्यवहारांपुरता नोटीस देऊन मागं घेता येतो, कलम १३०. पण छापील फॉर्ममध्ये तो हक्क तुमच्याकडून आधीच सोडवून घेतलेला असतो का, ते बघा. मी बघितलं नव्हतं.

मुलगा आठ दिवस माझ्याशी बोलला नाही. त्याच्या जागी मीही बोललो नसतो. शेवटी त्या पोराच्या वडिलांनी मध्ये पडून थकबाकी भरली, दुसरा जामीनदार दिला. यात सात महिने गेले. व्हीएमसी सात महिने उशिरा आलं. त्या पोरानं आजवर चुकलं म्हटलेलं नाही.

तर, निवृत्तांनो, काम सोडू नका. तब्येत सांभाळा, बायकोशी बोलत जावा, हे सगळे सांगतात, मीही सांगतो. पण पहिल्याच दिवशी फी सांगा, पाचशे रुपये का असेना. आणि सहीआधी कागद एक रात्र घरी आणा. आणू देत नसतील तर सही करू नका.

हल्ली मी शिरोलीत एका फाउंड्रीवाल्याच्या मशीन शॉपला मंगळवारी आणि शुक्रवारी दहा ते दोन जातो. एक पानाचं पत्र आहे : दिवस, वेळ, महिना ९ हजार, आणि माझं नाव कुठल्याही कर्जात, जामिनात किंवा भागीदारीत येणार नाही ही ओळ. ती ओळ सांगताना माझ्या घशाला कोरड पडली होती. मालकानं निमूट टाईप करून घेतली. ट्रेनी पोरांना मी मायक्रोमीटर शिकवतो. परवा एक मुलगी म्हणाली, "सर, तुमचं रीडिंग एका शतांशानं चुकलंय." चुकलंच होतं, चष्मा बदलायला झालाय.

जुन्या बँकेनं जामिनातून मोकळं केल्याचं पत्र मी देवघराच्या कपाटात ठेवलंय. तुम्हीही कधी कुणासाठी सही केली असेल आणि हातात असं पत्र नसेल, तर उद्या सकाळी फिरायला जाण्याऐवजी बँकेत जावा.