नदीकाठचे घर : विसार देण्यापूर्वी चार प्रश्न

व्यापारी बांधवांनो,

दुकानात चार पैसे शिल्लक पडले की पहिला विचार घराचा येतो. सांगलीत कृष्णेकाठचा प्लॉट पाहिला की मन भुलते. मोकळी हवा, शाळा-मशीद जवळ, बाजारपेठ पायी जाण्याच्या अंतरावर, आणि पुष्कळदा भावही कमी. आमचे वडीलधारे सांगत, आधी शेजार पाहा, मग घर. नदीकाठी पहिला शेजारी नदीच असते. म्हणून विसार देण्यापूर्वी चार प्रश्न विचारावेत, असे आम्हास वाटते.

पहिला प्रश्न : या गल्लीत किती फुटाला पाणी येते? आयर्विन पुलाजवळ ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी आहे. २००५ आणि २०२१ मध्ये पाणी ५० फुटांच्या वर गेले, तर ऑगस्ट २०१९ मध्ये ५७ फुटांच्याही वर. त्या वेळी कापड पेठ आणि हरभट रोडसारखी भर बाजारपेठ पाण्यात होती. हा प्रश्न दलालाला नव्हे, तिथल्या जुन्या रहिवाशाला विचारावा. भिंतीवरची खूणही पाहावी.

दुसरा प्रश्न : जागा निळ्या रेषेच्या आत आहे की लाल? सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची हद्द म्हणजे निळी रेषा, १०० वर्षांतून एकदा येणाऱ्याची लाल. याचा अर्थ एकदा पूर आला की २५ वर्षे निश्चिंती, असा नव्हे. दरवर्षी २५ त एक, हा हिशेब. २० वर्षांचे कर्ज काढले तर तेवढ्या काळात निळ्या रेषेपर्यंत पाणी येण्याची शक्यता निम्म्याहून जास्त होते. नकाशा महापालिकेत किंवा पाटबंधारे खात्यात पाहावा. गुंठेवारीच्या कागदावर भरवसा ठेवू नये.

तिसरा प्रश्न : पाणी कुठून येते? महाबळेश्वरची कृष्णा आणि कोयना धरणाखालची कोयना कऱ्हाडला एक होतात आणि सांगलीकडे येतात. खाली हरिपूरला वारणा मिळते. तिलाही पूर असला की कृष्णेचे पाणी पुढे सरकत नाही. म्हणून सांगलीत ऊन असले तरी सातारा जिल्ह्यातला पाऊस आणि कोयनेचा विसर्ग यांची बातमी रोज ऐकावी.

चौथा प्रश्न : माल कुठे ठेवणार? आपल्यापैकी बरेच जण घराच्या तळमजल्यावर गोदाम करतात. गढूळ पाण्यात भिजलेले कापड धुतले तरी नव्याच्या भावाने विकले जात नाही. पावसाळ्यात माल वरच्या मजल्यावर असावा. उधारीच्या वह्या आणि घराचे कागद तर त्याहून आधी हलवावेत. विमा घेणाऱ्यांनी पुराची जोखीम त्यात आहे ना, हे वाचून घ्यावे, आणि मालाची रक्कम पूर्ण लिहावी. एक लाखाचा माल पन्नास हजारांचा दाखवला तर भरपाईही त्याच प्रमाणात कापली जाते.

नदीकाठी राहूच नये, असे आमचे म्हणणे नाही. पिढ्यान् पिढ्या लोक तिथे सुखाने नांदले आहेत. पण शेजाऱ्याचा हक ओळखून जो घर बांधतो, त्याचीच मुलेबाळे पावसाळ्यात निर्धास्त झोपतात. स्वस्तात मिळालेला प्लॉट एका पुरात महाग पडतो.

अल्लाह सर्वांच्या घरात आणि धंद्यात बरकत देवो. आमीन.