विकरांचे स्थिरीकरण : एकदा बांधावे, पुनःपुन्हा वापरावे

दुधाला विरजण लावणारी गृहिणी लागलेल्या दह्यातील चमचाभर दही दुसऱ्या दिवसासाठी मागे ठेवते. विरजणातील जीवाणू जिवंत असतात आणि त्यांची वाढ होते, म्हणून हे शक्य होते. विकरांची गोष्ट निराळी आहे. विकरे म्हणजे सजीवांच्या पेशींत तयार होणारी व रासायनिक क्रियांचा वेग वाढविणारी प्रथिने होत. ती स्वतः जिवंत नसल्याने त्यांची वाढ होत नाही. परंतु क्रिया घडवून आणताना ती खर्चीही पडत नाहीत. क्रिया पूर्ण झाल्यावर विकर द्रवात तसेच शिल्लक राहते.

असे असूनही कारखान्यांत विकर बहुधा एकदाच वापरले जाई. पाण्यात विरघळलेले विकर पुन्हा वेगळे काढणे हे नवे विकर आणण्यापेक्षाही जिकिरीचे होते. शिवाय तयार मालात प्रथिनाचा अंश राहू नये म्हणून द्रव तापवून किंवा त्यात आम्ल मिसळून ते नष्ट करावे लागे. अशा प्रकारे मोलाचे उत्प्रेरक वाया जाई आणि माल शुद्ध करण्याचा खर्चही अंगावर पडे. या दुहेरी नुकसानीवरील उपाय म्हणजे विकरांचे स्थिरीकरण होय. यात विकर एखाद्या घन आधारद्रव्याशी जखडून ठेवतात. द्रव त्याच्यावरून वाहत जातो, क्रिया घडते आणि विकर जागच्या जागी राहते.

बांधण्याच्या रीती

या कल्पनेचे मूळ जुने आहे. साखरेचे विघटन करणारे इन्व्हर्टेज हे विकर कोळशाच्या कणांवर चिकटल्यानंतरही आपले काम करीत राहते, असे नेल्सन व ग्रिफिन या अमेरिकन शास्त्रज्ञांना १९१६ मध्ये आढळून आले होते. तथापि या निरीक्षणाचा औद्योगिक उपयोग होण्यास अर्धशतक जावे लागले.

विकर बांधण्याच्या मुख्य रीती चार आहेत. पहिल्या रीतीत विकर आधारद्रव्याच्या पृष्ठभागावर अधिशोषणाने किंवा विद्युत्‌भाराच्या आकर्षणाने धरून ठेवले जाते. ही रीत सोपी व स्वस्त आहे. परंतु बंध दुबळा असल्याने विकर हळूहळू सुटते. दुसरी रीत रासायनिक सहसंयुजी बंधाची. हा बंध पक्का असतो, पण तो विकराच्या क्रियाशील भागावरच पडला तर विकर निकामी होते. तिसऱ्या रीतीत जेलीसारख्या पदार्थाच्या सूक्ष्म जाळीत विकर कोंडतात. लहान रेणू जाळीतून ये-जा करतात. विकराचा मोठा रेणू मात्र आतच राहतो. चौथ्या रीतीत ग्लुटराल्डिहाइडसारख्या रसायनाच्या साहाय्याने विकराचे रेणू परस्परांशीच सांधले जातात.

ओसाका येथील यश

जपानमधील ओसाका येथील तानाबे सेइयाकु या औषध कंपनीत इचिरो चिबाता व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६९ मध्ये ही पद्धती प्रथमच कारखान्याच्या प्रमाणावर यशस्वी केली. रासायनिक पद्धतीने तयार केलेल्या ॲमिनो आम्लात डावे व उजवे असे दोन प्रकार समप्रमाणात असतात. शरीराला प्रामुख्याने त्यांपैकी ‘एल’ हा एकच प्रकार उपयोगी पडतो. ॲमिनोअसायलेज हे बुरशीपासून मिळणारे विकर नेमका तोच प्रकार वेगळा करून देते.

चिबाता यांनी हे विकर विद्युत्‌भारित कणांवर बसविले आणि ते कण उभ्या स्तंभात भरले. वरून कच्च्या मालाचे द्रावण सोडावे व खालून क्रिया झालेला द्रव घ्यावा, अशी अखंड योजना त्यांनी केली. ५० अंश सेल्सिअस तापमानाला विकराची क्रियाशीलता निम्म्यावर येण्यास सुमारे ६५ दिवस लागत. त्यानंतर त्याच कणांवर नवे विकर चढविले की स्तंभ पुन्हा कामाला लागे. मालात प्रथिनाची भेसळ राहत नसल्याने शुद्धीकरण सुलभ झाले आणि उत्पादनखर्च जुन्या पद्धतीच्या सुमारे ६० टक्क्यांवर आला.

पेनिसिलीन आणि पुणे परिसर

सर्वसामान्य रुग्णाच्या दृष्टीने या पद्धतीचे महत्त्व प्रतिजैविकांच्या निर्मितीत दिसून येते. ॲम्पिसिलीन व ॲमॉक्सिसिलीन ही औषधे पेनिसिलीनच्या रेणूतील मूळ गाभ्यापासून तयार करतात. ‘सिक्स-एपीए’ या नावाने ओळखला जाणारा हा गाभा पूर्वी रासायनिक पद्धतीने वेगळा करीत. त्यासाठी द्रावण शून्याखाली सुमारे ४० अंशांपर्यंत थंड करावे लागे आणि फॉस्फरस पेंटाक्लोराइडसारखी घातक रसायने वापरावी लागत. पेनिसिलीन असायलेज हे विकर तेच काम पाण्यात आणि शरीराच्या तापमानाच्या आसपास करते. त्या वेळी सुटणारे फेनिलॲसिटिक आम्लही पेनिसिलीनच्या किण्वनात पुन्हा उपयोगी पडते. विकर बांधून ठेवल्यास ते अनेक वेळा वापरता येते. परिणामी वीज, रसायने आणि सांडपाण्याचा उपद्रव या तिन्हींत बचत होते.

या विकरावर पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत आणि पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या सार्वजनिक क्षेत्रातील कारखान्यात महत्त्वाचे संशोधन झाले. जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्याने १९५४ मध्ये स्थापन झालेल्या या कारखान्याने देशात पेनिसिलीनचे उत्पादन सुरू केले होते. पुढील काळात मात्र देशातील पेनिसिलीनचे उत्पादन मागे पडून परदेशी कच्च्या मालावरील अवलंबन वाढले. म्हणूनच २०२० मध्ये केंद्र शासनाने औषधांच्या कच्च्या मालासाठी जाहीर केलेल्या उत्पादनसंलग्न प्रोत्साहन योजनेत पेनिसिलीन-जी चा समावेश केला. प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळणाऱ्या साध्या कॅप्सूलमागे केवढी तंत्रविद्या उभी असते, हे यावरून ध्यानात यावे.

मर्यादा

स्थिरीकरण हा सर्व प्रश्नांवरील रामबाण उपाय नव्हे. आधारद्रव्य महाग असू शकते. बांधताना विकराची काही क्रियाशीलता कमी होते. कच्चा माल कणांच्या आतपर्यंत पोचण्यास वेळ लागतो, तर गढूळ द्रवाने स्तंभ तुंबतो. विकर स्वस्त असेल तर ते एकदा वापरून सोडून देणेच परवडते. बांधणीचा खर्च पुनर्वापरातून भरून निघतो किंवा नाही, हा हिशेब प्रत्येक उद्योगाला आधी करावा लागतो.

शाळेत करता येण्याजोगा प्रयोग

जाळीत कोंडण्याची रीत विद्यार्थ्यांना शाळेतही दाखविता येते. १०० मिलिलिटर पाण्यात २ ग्रॅम सोडियम अल्जिनेट चांगले विरघळवून त्यात थोडे यीस्ट मिसळावे. हे मिश्रण कॅल्शियम क्लोराइडच्या २ टक्के द्रावणात ड्रॉपरने थेंबथेंब सोडावे. प्रत्येक थेंबाची घट्ट गोळी बनते. पंधरा मिनिटांनी गोळ्या गाळून, धुऊन कोमट साखरपाण्यात टाकाव्यात. काही वेळाने बुडबुडे दिसू लागतात. त्यानंतर गोळ्या गाळणीने काढून नव्या साखरपाण्यात टाकल्या, तर त्या पुन्हा काम करतात. येथे सुट्या विकराऐवजी विकरे बाळगणाऱ्या जिवंत पेशी कोंडलेल्या असतात, एवढा फरक शिक्षकांनी समजावून सांगावा. प्रयोगातील काहीही खाऊ नये, अशी सूचनाही द्यावी.

गाळणीत उरलेल्या त्या गोळ्या पाहून विद्यार्थ्यांना या तंत्राचे मर्म सहज कळेल. काम संपले तरी कामकरी हाताशी राहतो आणि तयार माल त्याच्यापासून निर्मळ वेगळा होतो. औषधाचा खर्च व नदीत जाणारी घाण, दोन्ही कमी करण्याचे सामर्थ्य या साध्या तत्त्वात आहे.