घोडा का अडला?

(तृतीय वर्ष कला, तत्त्वज्ञान)

घोडा का अडला? भाकरी का करपली? पान का सडले? लहानपणी आजीने घातलेले हे कोडे आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक असेल. तिन्ही प्रश्नांचे उत्तर एकच : न फिरवल्यामुळे. तीन कुलपांना एक किल्ली लागते, म्हणून या कोड्याची गंमत वाटते. व्यवहारात मात्र बहुधा उलट घडते. कुलूप एकच असते आणि हातात किल्ल्यांचा जुडगा असतो. आपल्या मराठी विभागातील जुन्या संगणकाने आम्हा काही विद्यार्थ्यांना हा उलटा धडा दिला. तोच येथे मांडण्याचा विचार आहे. कलाशाखेच्या विद्यार्थ्याने यंत्रावर लिहावे हे कोणाला धाडस वाटेल. परंतु हा विषय जितका यंत्राचा आहे तितकाच तर्कशास्त्राचा आहे, असे माझे नम्र मत आहे.

प्रसंग असा घडला

हा संगणक २०१० सालचा. कोअर टू ड्युओ प्रोसेसर, २ जीबीच्या दोन रॅम पट्ट्या आणि त्यावर विंडोज ७. यंत्र जुने खरे, पण विभागात त्याला मान होता. त्याच्या हार्ड डिस्कच्या 'डी' भागात आमच्या आधीच्या विद्यार्थ्यांनी आसपासच्या खेड्यांत फिरून, आयाबायांच्या शेजारी बसून उतरवून घेतलेल्या जात्यावरच्या ओव्या होत्या. सांगणाऱ्यांपैकी कित्येक जणी आज हयात नाहीत. मूळ वह्यांतील बऱ्याचशा एका पावसाळ्यात भिजून गेल्या. तेव्हा त्या ओव्या काय त्या या डब्यातच उरल्या होत्या.

संगणक फार मंद चालतो म्हणून २०२३ च्या दिवाळीच्या सुटीत तो एका दुकानात दिला. तेथे 'सी' भाग पुसून विंडोज १० टाकून मिळाली. यंत्र परत आले, सुरू झाले आणि दहा-पंधरा मिनिटांत हँग झाले. पडद्यावरचा बाण जागच्या जागी, घड्याळ थांबलेले, कीबोर्ड मुका. बटण दाबून धरून बंद करण्यावाचून गत्यंतर नव्हते. दुकानात पुन्हा विंडोज टाकली, पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेस दुकानदार म्हणाला, "सगळी डिस्कच फॉरमॅट मारू, कटकटच नको."

बाईंनी एवढेच विचारले, "आणि ओव्या?"

त्या प्रश्नापाशी आम्ही थांबलो, हे बरे झाले.

आधी ठेवा वाचवावा

अशा वेळी पहिले काम दुरुस्तीचे नसून जतनाचे असते. चालता चालता थांबणाऱ्या यंत्रावर वारंवार प्रयोग करणे म्हणजे आतील मजकूर पणाला लावणे होय. म्हणून आम्ही हार्ड डिस्क काढली, एका यूएसबी जोडणीने ती दुसऱ्या संगणकाला लावली आणि ओव्यांचे फोल्डर उतरवून घेतले. नुसत्या प्रतीवर विश्वास न ठेवता प्रत्येक फाइल उघडून पाहिली. दोन संध्याकाळी त्यात गेल्या. मग जिवात जीव आला.

त्याच वेळी डिस्कची तब्येतही पाहिली. प्रत्येक डिस्क आपल्या प्रकृतीची नोंद स्वतःच ठेवते. ती वाचून दाखवणारे मोफत प्रोग्रॅम मिळतात. त्यात १९७ क्रमांकाची नोंद वाचता न येणाऱ्या, निकाल न लागलेल्या जागांची असते. ती शून्याहून अधिक असेल तर डिस्कवर भरवसा ठेवू नये. १९९ क्रमांकाचा आकडा वाढत असेल तर दोष बहुधा डिस्कचा नसून तिच्या केबलचा असतो. आमच्या डिस्कवर हे दोन्ही आकडे शून्य होते.

तर्कशास्त्राची मदत

आता मूळ प्रश्नाकडे वळू. विंडोज १० टाकली, त्यानंतर यंत्र हँग होऊ लागले. तेव्हा विंडोज १० हेच कारण, असे सर्वांचे म्हणणे पडले. तर्कशास्त्राच्या तासाला याच प्रकारच्या अनुमानापासून सावध राहण्यास सांगितलेले असते. कावळा बसायला आणि फांदी तुटायला गाठ पडली, एवढ्यावरून कावळ्याला दोषी धरता येत नाही.

जॉन स्टुअर्ट मिल याने १८४३ साली प्रसिद्ध झालेल्या 'सिस्टिम ऑफ लॉजिक' या ग्रंथात कारण शोधण्याच्या पाच पद्धती सांगितल्या आहेत. परीक्षेपुरत्या त्या आम्ही पाठ केल्या होत्या. त्यांतील व्यतिरेक पद्धतीचा आशय असा : बाकी सारे तसेच ठेवून एकच गोष्ट काढावी, कार्य नाहीसे झाले तर त्या गोष्टीचा कारणाशी संबंध आहे. सहचारी परिवर्तन पद्धती सांगते की एक गोष्ट कमीजास्त होताना दुसरीही त्याप्रमाणे कमीजास्त होत असेल, तर दोहोंत कार्यकारण संबंध असण्याचा संभव आहे.

या दुसऱ्या पद्धतीने पहिला धागा मिळाला. आम्ही वहीत वेळा टिपू लागलो. एकच लहानशी फाइल उघडी ठेवली तर यंत्र तासभर टिके. अनेक फाइली आणि ब्राउझर एकदम उघडले की पाच मिनिटांत हँग होई. म्हणजे दोष कामाच्या भाराबरोबर वाढत होता. भार वाढला की दोन गोष्टी घडतात : प्रोसेसर तापतो आणि रॅम भरत जाते. संशयित दोन ठरले. परंतु विंडोजला अजून निर्दोष ठरवलेले नव्हते.

चार प्रयोग

पहिला प्रयोग. हार्ड डिस्क काढलेलीच ठेवली आणि पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू केले. लिनक्स असे डिस्कवर न टाकताही चालते. पुष्कळ खिडक्या उघडल्या, आणि यंत्र हँग झाले. येथे आम्ही विंडोज व डिस्क या दोन गोष्टी एकदम काढल्या होत्या, ही गोष्ट वाचकांच्या लक्षात आली असेल. दोन गोष्टी काढून दोष गेला असता, तर दोहोंपैकी कोणती दोषी हे कळले नसते. दोष कायम राहिल्यामुळे मात्र दोन्ही एकाच फटक्यात सुटल्या. विंडोज दहादा टाकली असती तरी उपयोग झाला नसता, हे त्या एका संध्याकाळी सिद्ध झाले.

दुसरा प्रयोग उष्णतेचा. कॅबिनेटची बाजू उघडली, ब्रशने धूळ काढली, प्रोसेसरवरची वाळून खडू झालेली थर्मल पेस्ट पुसून नवी लावली आणि समोर टेबलफॅन लावला. यंत्र गार राहिले. हँग होणे मात्र थांबले नाही. उष्णता सुटली.

तिसरा प्रयोग सर्वांच्या परिचयाचा. यंत्र बंद करून, वायर भिंतीतून काढून, रॅमच्या पट्ट्या उपसल्या, त्यांचे सोनेरी दात खोडरबराने हलके घासले आणि पट्ट्या पुन्हा घट्ट बसवल्या. पुष्कळदा एवढ्यानेच काम होते. आमचे झाले नाही.

चौथा प्रयोग निर्णायक ठरला. मेमटेस्ट ८६ प्लस नावाचा मोफत प्रोग्रॅम पेनड्राइव्हवरून चालतो. तो रॅमच्या प्रत्येक घरात काही लिहितो, परत वाचतो आणि दोहोंत फरक आढळला तर ओरडतो. रात्रभर तो चालू ठेवला. सकाळी पडदा लाल ओळींनी भरला होता. या परीक्षेत एकही चूक क्षम्य नसते.

पण दोष पट्टीचा की मदरबोर्डावरील खाचेचा? पट्ट्यांना क आणि ख, खाचांना एक आणि दोन अशी नावे देऊन आम्ही एका वेळी एकच पट्टी लावली. क एकमध्ये : चूक नाही. क दोनमध्ये : चूक नाही. ख एकमध्ये : चुका. ख दोनमध्ये : चुका. खाच बदलली तरी निकाल बदलला नाही. पट्टी बदलली की बदलला. मिलची संयुक्त पद्धती वर्गात समजली नव्हती, ती या चार ओळींनी समजली.

निमित्त आणि कारण

तरी एक शंका उरतेच. पट्टी खराब होती, तर विंडोज ७ वर यंत्र का थांबत नव्हते?

याचे उत्तर लाल ओळींतच होते. दोन्ही पट्ट्या असताना चुका आढळल्या त्या रॅमच्या अगदी शेवटच्या टोकाला. आमची जुनी विंडोज ७ ही ३२ बिटांची होती. ३२ बिटांनी ४,२९,४९,६७,२९६ पत्ते होतात, म्हणजे ४ जीबी. त्यातले काही पत्ते ग्राफिक्स वगैरे इतर भागांसाठी राखून ठेवावे लागतात. म्हणून ४ जीबी रॅम असूनही अशा विंडोजला सुमारे सव्वातीन ते साडेतीन जीबीच वापरता येते. टोकाचा भाग जुन्या विंडोजच्या पायाखाली कधी आलाच नाही. दुकानात टाकलेली विंडोज १० मात्र ६४ बिटांची होती. ती सगळी रॅम वापरी. भार वाढला की ती त्या टोकापर्यंत पोहोचे आणि तेथे ठेचकाळे. वाड्यातील एका बंद खोलीची तुळई कुजलेली असावी, आणि नव्या बिऱ्हाडकरूने ती खोली उघडून वापरू लागताच माळा खाली यावा, तसा हा प्रकार.

आपल्या भाषेत निमित्त आणि कारण असे दोन शब्द आहेत. नवी प्रणाली हे निमित्त. सडलेली पट्टी हे कारण. सर्व दोष विंडोजवर टाकणारे चुकले होते. पण 'हा निव्वळ योगायोग' असे म्हणणारा मी स्वतःही चुकलोच होतो. कावळ्याचा फांदीशी थोडा संबंध होताच!

जुडग्यातील इतर किल्ल्या

प्रत्येक यंत्राचे कारण हेच असेल असे नाही. म्हणून काही सूचना देतो. यंत्र थांबल्यावर कॅप्स लॉक दाबून पाहावे. दिवा लागत-विझत असेल तर यंत्र जिवंत आहे, अडचण बहुधा ग्राफिक्सची वा एखाद्या प्रोग्रॅमची. नवी विंडोज टाकल्यावर पहिले काही तास ती अपडेट उतरवत असते आणि जुनी डिस्क त्याने दमते. डिस्कचा दिवा सतत लुकलुकत असेल तर धीर धरावा. मदरबोर्डाचे व ग्राफिक्सचे योग्य ड्रायव्हर टाकले आहेत ना, हे पाहावे. विंडोजच्या नोंदवहीत ४१ क्रमांकाची नोंद दिसते, पण ती यंत्र नीट बंद झाले नाही एवढेच सांगते, कारण सांगत नाही. त्याच नोंदवहीत डिस्कच्या नावापुढे ७ क्रमांक दिसला तर डिस्कवर खराब जागा आहे असे समजावे. साधारण १९९९ ते २००७ या काळातील अनेक मदरबोर्डांवरील कपॅसिटर सदोष निघाले. त्यांची डोकी फुगलेली दिसतात का पाहावे. एसएमपीएस मात्र कोणी उघडू नये. वीज बंद केल्यावरही त्यात धोकादायक भार राहतो.

समारोप

दुसऱ्या एका मोडीत निघालेल्या संगणकातून तशीच पट्टी मिळाली. मेमटेस्ट रात्रभर बिनचूक चालला. तेव्हापासून आमचे यंत्र एकदाही अडलेले नाही. विंडोज १० ला मिळणारा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. त्यामुळे घरोघरच्या जुन्या संगणकांवर पुन्हा नव्या प्रणाली टाकण्याची वेळ येत आहे. म्हणूनच हे लिहावेसे वाटले.

ओव्या आता तीन ठिकाणी आहेत : विभागाच्या संगणकात, ग्रंथालयातील एका डिस्कवर आणि बाईंच्या घरी. दर सत्राच्या आरंभी त्या उघडून, वाचून, नव्याने उतरवून ठेवण्याचे काम आम्ही वाटून घेतले आहे. यंत्र का अडले याचे उत्तर शोधायला आम्हांला पंधरवडा लागला. पण ओव्या जवळजवळ का हरवल्या होत्या, या प्रश्नाचे उत्तर आजीने फार पूर्वीच सांगून ठेवले होते.

न फिरवल्यामुळे.