एक खेळ, दोन विश्वविजेते



भिंतीवरच्या गोल फलकावर हाताने छोटे बाण फेकण्याचा खेळ म्हणजे डार्ट्स. आपल्याकडे तो करमणुकीपुरता खेळला जातो. इंग्लंडमध्ये मात्र त्याच्या जागतिक स्पर्धेला हजारो प्रेक्षक गर्दी करतात. या स्पर्धेचा इतिहास म्हणजे एका भांडणाचीही गोष्ट आहे.

आधी खेळ समजून घेऊ. खेळाडू ५०१ गुणांपासून सुरुवात करतो. एका पाळीत तीन बाण फेकायचे आणि मिळालेले गुण वजा करीत नेमके शून्यावर यायचे. शेवटचा बाण दुप्पट गुणांच्या घरातच लागला पाहिजे. २० च्या घराला लागून एका बाजूस १ व दुसऱ्या बाजूस ५ आहे. म्हणजे नेम जरासा चुकला तरी मोठे नुकसान! सर्वोत्तम खेळाडू ५०१ गुण फक्त ९ बाणांत संपवू शकतो.

ब्रिटिश डार्ट्स ऑर्गनायझेशन या संस्थेने १९७८ मध्ये नॉटिंगहॅम येथे जागतिक स्पर्धा सुरू केली. वेल्सचा लेटन रीस पहिला विजेता ठरला. पुढे एरिक ब्रिस्टोने ती पाच वेळा जिंकली. दूरदर्शनमुळे खेळाडू घरोघरी पोहोचले. पण १९८० च्या दशकाच्या अखेरीस वाहिन्यांनी डार्ट्सकडे पाठ फिरवली आणि या खेळावर पोट असणाऱ्यांची मिळकत आटली.

संस्था पुरेसे प्रयत्न करीत नाही, असे आघाडीच्या खेळाडूंना वाटू लागले. ब्रिस्टो, जॉन लो, फिल टेलर, डेनिस प्रिस्टली आदी १६ जणांनी १९९२ मध्ये स्वतःची वेगळी संघटना काढली. जुन्या संस्थेने त्यांच्यावर बंदी घातली. तरीही डिसेंबर १९९३ मध्ये पर्फ्लीट येथे त्यांनी आपली जागतिक स्पर्धा भरवली. खेळाडू अवघे २४. अंतिम सामन्यात प्रिस्टलीने टेलरला ६-१ असे हरवले. आता एकाच खेळाचे दरवर्षी दोन विश्वविजेते होऊ लागले!

हा वाद न्यायालयात गेला आणि १९९७ मध्ये तडजोड झाली. खेळाडूंना स्पर्धा निवडण्याचे स्वातंत्र्य मिळाले. नव्या संघटनेने प्रोफेशनल डार्ट्स कॉर्पोरेशन हे नाव घेतले. टेलरने तिची स्पर्धा १४ वेळा जिंकली. डिसेंबर २००७ पासून ती लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसमध्ये भरू लागली. डिसेंबर २०१९ मध्ये फॅलन शेरॉक ही तेथे सामना जिंकणारी पहिली महिला ठरली. जानेवारी २०२५ मध्ये ल्यूक लिटलर अवघ्या १७ व्या वर्षी विश्वविजेता झाला. भारताचा नितीन कुमारही या मंचावर खेळला आहे.

जुनी संस्था मात्र २०२० मध्ये बंद पडली. गावोगावच्या हौशी खेळाडूंना तिनेच एकत्र बांधले होते, हे विसरून चालणार नाही. ज्यांनी खेळ मोठा केला त्यांना योग्य मोबदला मिळायला हवा, हे जितके खरे, तितकेच खेळ रुजवणाऱ्यांचे ऋण मानायला हवे, हेही खरे. तुम्हाला कोणाची बाजू पटते? वर्गात चर्चा करा.

करून पाहा : १७० गुण उरले आहेत. तीन बाणांत शून्यावर कसे याल? फलकाचा मधला ठिपका ५० गुणांचा असून तो २५ ची दुप्पट धरला जातो.

उत्तर : २० च्या तिप्पट घरात दोन बाण, म्हणजे १२०, तिसरा मधल्या ठिपक्यावर, ५०.