विजेचा भाव बांधून घ्यावा काय?



सिंगापुरातील आपल्या मंडळींकडून एक प्रश्न आम्हांस वरचेवर विचारला जातो. विजेचा भाव वर्ष-दोन वर्षांसाठी बांधून घ्यावा, की दर तीन महिन्यांनी बदलणाऱ्या दराने बिल भरीत राहावे? विचारणाऱ्यास बहुधा एका शब्दात उत्तर हवे असते, आणि तसे उत्तर देणारे पुष्कळ भेटतात. आम्ही मात्र जुन्या सवयीप्रमाणे आधी फळ्यावर गणित मांडणार आहोत.

प्रथम भाव हलतो का, ते पाहू. सिंगापूरजवळ ना कोळशाची खाण, ना धरण बांधण्याजोगी नदी. येथील सुमारे ९५ टक्के वीज नैसर्गिक वायूवर तयार होते आणि तो वायू बाहेरून येतो. काही मलेशिया व इंडोनेशियातून नळाने, आणि २०१३ पासून द्रवरूपात जहाजांनी जुरॉंग बेटावर. त्यामुळे युक्रेनमध्ये युद्ध पेटले की तोआ पायोहमधील पंखा महाग होतो. एस. पी. ग्रुपचा नियंत्रित दर एनर्जी मार्केट ऑथॉरिटीच्या देखरेखीखाली दर तिमाहीस ठरतो. त्यातील इंधनाचा भाग मागील तिमाहीच्या पहिल्या अडीच महिन्यांतील वायूच्या सरासरी भावावरून काढतात. म्हणजे हा दर बाजाराच्या मागून चालतो. वायू महागल्याची बातमी आज वाचली, तर तिचा चटका पुढच्या तिमाहीत बसणार असे समजावे.

हलतो तरी किती? २०२० च्या तिसऱ्या तिमाहीत हा दर युनिटला १९.६० सेंट होता. बरोबर दोन वर्षांनी, २०२२ च्या तिसऱ्या तिमाहीत, तो ३०.१७ सेंट झाला. दोन्ही आकडे जीएसटी सोडून आहेत. महिन्याला ४०० युनिट जाळणाऱ्या घराचे बिल ७८ डॉलर ४० सेंटांवरून १२० डॉलर ६८ सेंटांवर गेले. दिवे तेवढेच, पंखे तेवढेच, आणि वर बेचाळीस डॉलर. दोन पगारांच्या घरात हे बेचाळीस डॉलर कोणाच्या ध्यानातही येत नाहीत. साठवलेल्या पैशावर चालणाऱ्या घरात ते कोठून काढायचे, हा प्रश्न दर महिन्यास उभा राहतो.

पूर्वी घरगुती ग्राहकास निवडच नव्हती. एप्रिल २०१८ मध्ये जुरॉंग भागात प्रथम खुला वीजबाजार सुरू झाला, आणि नोव्हेंबर २०१८ ते मे २०१९ या काळात तो टप्प्याटप्प्याने सर्व बेटावर आला. आता मुख्य वाटा तीन आहेत. एस. पी. कडेच राहून तिमाही दर भरावा. एखाद्या पुरवठादाराशी करार करून ठराविक भाव बांधून घ्यावा. किंवा नियंत्रित दरावर अमुक टक्के सवलत घ्यावी. कोणतीही वाट धरली तरी घरात येणारी तार तीच व मीटरही तोच. पुरवठादार बदलला म्हणून दिवा अधिक वेळा जात नाही. यू-सेव्हची सवलत मिळत असेल तर तीही बुडत नाही. ही भीती काही वडीलधाऱ्यांच्या मनात असते, म्हणून मुद्दाम लिहिले.

सवलतीच्या योजनेविषयी एक खुलासा हवा. सवलत म्हणजे बांधलेला भाव नव्हे. मूळ दर चढला की सवलतीचा दरही त्याच्याबरोबर चढतो. फक्त दोन पायऱ्या खाली राहून चढतो. इस्रायलमधील आपल्या वाचकांसही हे उपयोगी पडेल. तेथे २०२४ मध्ये घरगुती ग्राहकांस खासगी पुरवठादार निवडण्याची वाट मोकळी झाली आणि बहुतेक प्रस्ताव अशा टक्केवारीचेच असतात. ज्यास महिन्याच्या खर्चाची निश्चिती हवी आहे, त्याची गरज टक्केवारीने भागत नाही.

आता बांधलेल्या भावाकडे वळू. आपल्या आया-आज्या उन्हाळ्यात तांदूळ, मिरची, चिंच यांची वर्षाची बेगमी करून ठेवीत. बेगमी करणारी बाई पावसाळ्यात तांदूळ स्वस्त होईल की महाग, यावर पैज लावीत नसे. भर पावसात घरात दाणा असावा, एवढाच तिचा हिशेब. विजेची बेगमी घरात भरून ठेवता येत नाही, म्हणून आपण दुसऱ्याकडून तिचे वचन घेतो. येथेच खरी मेख आहे. वचन देणाऱ्याच्या कोठारात काही आहे काय?

आपले वाडवडील कोकणात घाण्यावर तेल काढीत, तेव्हा उदाहरण त्याच धंद्यातले घेऊ. एका तेल्याने गावास वर्षभराच्या तेलाचा भाव बांधून दिला, पण तीळ मात्र तो दर आठवड्यास बाजारभावाने आणतो. तीळ स्वस्त असेतो त्याची चंगळ. तिळाचा भाव दुप्पट झाला, की प्रत्येक शेरामागे तो पदरचे घालतो, आणि एके दिवशी घाणा बंद करून निघून जातो. २०२१ च्या शेवटी सिंगापुरात असेच झाले. येथे घाऊक विजेचा भाव दर अर्ध्या तासाने ठरतो. त्या शरद ऋतूत जगभर वायू महागला, इंडोनेशियातून नळाने येणारा वायूही कमी पडला आणि घाऊक भाव भडकला. आयस्विच, ओम एनर्जी व आणखी काही पुरवठादारांनी धंदा गुंडाळला. आयस्विच व ओम यांच्याजवळ स्वतःची वीजकेंद्रे नव्हती. त्यांचे ग्राहक एस. पी. कडे वर्ग झाले. वीज एक क्षणही खंडित झाली नाही, परंतु बांधलेला स्वस्त भाव गेला, आणि तोही नेमका महागाईच्या तोंडावर. ब्रिटनमध्येही २०२१-२२ मध्ये सुमारे तीस पुरवठादार बुडाले आणि तेथील ग्राहकांचाही बांधलेला भाव असाच सुटला. याउलट केपेल, सेम्बकॉर्प, तुआस पॉवर यांसारख्या, स्वतःची वीजकेंद्रे असलेल्या घराण्यांचा व्यापार चालू राहिला. म्हणून अर्ध्या सेंटाच्या फरकासाठी पुरवठादार निवडू नये. त्याच्यामागे वीजकेंद्र आहे की नाही, हे आधी विचारावे.

हे ऐकून आमच्या परिचयातील एका मावशींनी विचारले, "सर, ते सगळे खरे. पण पुढे भाव चढणार की उतरणार?" मावशी व काका दोघेही निवृत्त. काकांना रात्रभर श्वासाचे यंत्र व एअरकंडिशनर लागतो. शब्बाथला दिवे आणि अन्न गरम ठेवण्याची तबकडी पंचवीस तास चालू. दोनशे वॉटची ती तबकडीच पाच युनिट घेते. आम्ही म्हणालो, "मावशी, ते वायूच्या व्यापाऱ्यांनाही ठाऊक नाही. महिन्याला चाळीस डॉलर वाढले तर तुमच्या घरात काय कमी होईल, ते सांगा." मावशी थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "यंत्राला हात लावता येणार नाही, शब्बाथच्या दिव्याला नाही. मासळी कमी होईल."

अशा घराने भाव बांधून घ्यावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. तो त्या दिवशीच्या नियंत्रित दराहून किंचित महाग पडला तरीही. समजा बांधल्यानंतर नियंत्रित दर दोन सेंटांनी उतरला. ४०० युनिटांस महिन्याला आठ डॉलर, वर्षास ९६ डॉलर जास्त गेले. हे शहाण्णव डॉलर वाया गेले, असे शेजारी म्हणतील. म्हणोत. मावशींनी त्या पैशांत वर्षभर बिलाची चिंता न करण्याची सोय घेतली होती आणि ती त्यांना मिळाली.

परंतु मावशींचा मुलगा व सून यांस आम्ही हा सल्ला देणार नाही. दोघे कमावते, दिवसभर घराबाहेर, आणि वर्षभरात इस्रायलला जाण्याचा विचार. दर चढला तर त्यांचे फारसे अडत नाही. उलट मुदतीआधी करार मोडला तर दंड लागतो. एस. पी. कडे राहणाऱ्यास असा करार नाही, तो केव्हाही दुसरीकडे जाऊ शकतो. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांनीही घरभाड्याच्या कराराहून लांब मुदतीचा वीजकरार करू नये.

सही करण्यापूर्वी पुरवठादाराने द्यावयाचे माहितीपत्रक मागून घ्यावे व चष्मा लावून वाचावे. तुलना करताना दोन्ही दर जीएसटीसह घ्यावेत, किंवा दोन्ही जीएसटीशिवाय. २८ सेंटांवर ९ टक्के जीएसटी धरला की ३०.५२ सेंट होतात. एक आकडा करासह व दुसरा कराशिवाय ठेवला तर महाग तेच स्वस्त दिसते. बांधलेल्या भावातही सर्व काही गोठत नाही. जीएसटी २०२३ मध्ये ७ वरून ८ व २०२४ मध्ये ९ टक्के झाला, तेव्हा बांधलेल्या भावावरही तो वाढीव दराने लागला. कार्बन कर २०२४ मध्ये टनास ५ वरून २५ डॉलर झाला व २०२६ साठी ४५ ठरला. तो वाढल्यास ग्राहकावर टाकण्याचे कलम करारात आहे काय, ते पाहावे. अनामत किती, दंड किती, आणि मुदत संपल्यावर करार आपोआप नवा होतो काय, हेही तेथेच सापडेल. मुदतीची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरात लिहून ठेवावी, आणि ती येण्याच्या महिनाभर आधी त्या दिवसाचे नवे भाव पुन्हा विचारावेत.

ज्यांना अजून ठरविता येत नाही, त्यांनी मागील बारा महिन्यांची बिले काढून युनिटांची बेरीज करावी आणि तीस बाराने भागावे. आम्ही ४०० धरले. आपल्या घरचा आकडा वेगळा निघेल. मग प्रत्येक युनिटामागे दहा सेंट वाढले तर महिन्याला किती होतात, ते त्याच कागदावर लिहावे व घरातील सर्वांस दाखवावे.