नव्या इंजिनाची वार्ता

पुण्याच्या शनिवार पेठेत शनिवारवाड्यापाशी तोफ डागली, तर पर्वतीवर उभ्या असलेल्या माणसाला आधी धूर दिसेल आणि आवाज सुमारे आठ सेकंदांनी ऐकू येईल. वाडा आणि पर्वती यांमधील सरळ अंतर पावणेतीन किलोमीटरांच्या आसपास आहे, आणि ध्वनी एका सेकंदात सुमारे ३४० मीटर जातो. ध्वनीच्या पाचपट किंवा त्याहून अधिक वेगाने जाणाऱ्या यानास अतिस्वनातीत यान म्हणतात. असे यान तेच अंतर दोन सेकंदांच्या आत कापील. पुण्याहून मुंबईस जाण्यास त्याला दीड मिनिटही लागणार नाही.

अशा विमानाचे इंजिन सिद्ध झाले, अशी वार्ता मधूनमधून येते. ती खोटीच असते असे नाही. परंतु पुष्कळदा ती अर्धी असते. उरलेली अर्धी समजण्यासाठी ते इंजिन कसे चालते, हे पाहिले पाहिजे.

नेहमीच्या जेट विमानात फिरती पाती हवा आत ओढून दाबतात. अतिस्वनातीत इंजिनास अशी पाती नसतात. यान इतक्या वेगाने हवेत घुसते, की हवा आपोआपच दाबली जाते. हे ऐकावयास सोपे वाटते. पण ती हवा इंजिनातून एका सेकंदाच्या हजाराव्या भागाएवढ्या अवधीत बाहेर पडते. तेवढ्यात इंधन हवेत मिसळले पाहिजे, पेटले पाहिजे आणि जळलेही पाहिजे. ओंकारेश्वराच्या घाटावर वळवाच्या वावटळीत निरांजन तेवत ठेवण्यासारखेच हे काम आहे. आणि येथील वारा तर ध्वनीहूनही वेगवान! शिवाय हे इंजिन जागेवरून सुरू होत नाही. आधी दुसऱ्या कोणी तरी त्यास वेग द्यावा लागतो.

७ सप्टेंबर २०२० रोजी भारताच्या संरक्षण संशोधन व विकास संघटनेने ओडिशाच्या किनाऱ्यावरून असे एक यान सोडले. अग्निबाणाने ते सुमारे ३० किलोमीटर उंचीवर नेले. तेथे यान सुटे झाले, इंजिन पेटले आणि ध्वनीच्या जवळजवळ सहापट वेगाने वीस सेकंदांहून अधिक काळ चालले. हे यश मोठेच होते. पुढे एप्रिल २०२५ मध्ये हैदराबादेस अशाच इंजिनाचा ज्वलनकक्ष एक हजार सेकंदांहून अधिक काळ चालविण्यात आला. वीस कोठे आणि हजार कोठे, असे वाटेल. पण पहिली परीक्षा आकाशात झाली, तर दुसरी जमिनीवर, लहान आकाराच्या कक्षावर. दोन्ही आकडे खरे असले, तरी ते एकाच गोष्टीचे नव्हेत. 'इंजिन चालले' एवढेच वाचून उतारू नेणारे विमान उद्या निघेल असे जो समजेल, त्याची फसगत त्याच्या स्वतःच्या घाईनेच होईल.

इंग्लंडातही एका कंपनीने अतिस्वनातीत वेगासाठी एक इंजिन योजिले होते. २०१९ मध्ये त्याच्या शीतकाने एक हजार अंशांहून अधिक तापलेली हवा डोळ्याचे पाते लवण्याच्या आत थंड करून दाखविली. परंतु २०२४ मध्ये ती कंपनी बंद पडली. शीतकाची परीक्षा पार पडली होती. संपूर्ण इंजिन मात्र कधी उडालेच नाही.

अशा वार्ता केवळ आजच्याच आहेत असे नव्हे. मुंबईचे शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ साली गिरगावच्या चौपाटीवर 'मरुत्सखा' नावाचे विमान उडविले, असे महाराष्ट्रात अनेकजण अभिमानाने सांगतात. त्यात पाऱ्यावर चालणारे इंजिन होते, न्यायमूर्ती रानडे तेथे उपस्थित होते, पुण्याच्या 'केसरी'त हकीकत छापून आली होती, असेही त्यात जोडले जाते. तळपदे यांचा व्यासंग आणि हौस यांविषयी आदरच वाटतो. तथापि त्या उड्डाणाचा त्या काळचा विश्वसनीय लेखी पुरावा उपलब्ध नाही. या कथेशी ज्याचा संबंध जोडतात, त्या 'वैमानिकशास्त्र' नामक ग्रंथाची बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच शास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये तपासणी केली. त्यात वर्णिलेली याने उडू शकणार नाहीत आणि ग्रंथही प्राचीन नसून विसाव्या शतकाच्या आरंभीचा आहे, असा त्यांनी निर्णय दिला. तरीही जानेवारी २०१५ मध्ये मुंबईस भरलेल्या विज्ञान परिषदेत या ग्रंथाचा आधार पुन्हा पुढे करण्यात आला.

आता अमेरिकेतील राइट बंधूंची गोष्ट पाहा. १७ डिसेंबर १९०३ रोजी त्यांचे विमान प्रथम उडाले, ते अवघे बारा सेकंद आणि सुमारे ३७ मीटर. पाच साक्षीदार हजर होते, छायाचित्रही घेतले गेले. तरी युरोपात, विशेषतः फ्रान्समध्ये, पुष्कळांचा त्यावर विश्वास बसला नाही. अखेर ८ ऑगस्ट १९०८ रोजी विल्बर राइट फ्रान्समधील ल मान् गावाजवळच्या घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर लोकांसमक्ष विमानात बसला. ते उड्डाण दोन मिनिटांचेही नव्हते. परंतु विमान वर गेले, वळले, मैदानाला फेरी घालून सुखरूप खाली आले. आणि ज्यांनी त्यांना थापाडे म्हटले होते, त्यांपैकी काहींनी आपली चूक जाहीरपणे कबूल केली.